चपलेला तेल, सीटला रंग

नवरात्रातली गोष्ट. कोल्हापुरात बिंदू चौकात गाडी लावून आम्ही अंबाबाईच्या दर्शनाला निघालो होतो. सासूबाई पुढे, मी आणि मुलगी मागे. चार पावलं गेलो असू, तेवढ्यात मुलगी कानाशी आली, "आई, आजीच्या साडीकडे बघ." मोतिया रंगाची महेश्वरी, आणि मागे बरोबर बसायच्या जागी वीतभर तपकिरी पट्टा. सासूबाईंनी सगळं दर्शन पदर मागे ओढून घेऊन केलं आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

पट्टा बुटाच्या पॉलिशचा होता. आदल्या रविवारी नवऱ्याने पुढच्या दोन्ही सीटना पॉलिश फासलं होतं. "बूट चामड्याचा, सीट चामड्याची, फरक काय?" असा त्याचा युक्तिवाद. फरक काय ते मलाही तेव्हा सांगता आलं नव्हतं. मी हायस्कुलात चित्रकला शिकवते, गाड्यांशी माझा संबंध मागच्या दाराने आत बसण्यापुरताच.

गाडी २०११ची स्कोडा सुपर्ब. तेव्हाच्या औरंगाबादजवळ शेंद्र्याच्या कारखान्यात जोडलेली, नवी असताना वीस लाखांच्या घरातली. आम्ही ती २०२१ मध्ये सांगलीच्या एका डॉक्टरांकडून साडेतीन लाखांना घेतली. त्या पैशात नवी घ्यायची तर अगदीच छोटी गाडी आली असती, हे नवऱ्याचं म्हणणं खरंच होतं. इंजिन ठणठणीत. सीट मात्र दहा वर्षं वापरलेल्या दिसत होत्या. डॉक्टर एकटेच फिरायचे, त्यामुळे ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची फुगीर कड, जिच्यावरून घसरत आपण आत बसतो, ती पार घासून गेलेली. बदामी रंग उडून खालचं राखाडी चामडं दिसायला लागलेलं, त्यावर सुकलेल्या चिखलाला पडतात तशा बारीक भेगा. बैठकीची शिवण चार बोटं उसवलेली, आणि तिच्याशेजारी पेरभर एक चीर. शेजारच्या सीटवर कुणाच्या तरी नव्या जीन्सचा निळा रंग उतरलेला.

साडीप्रकरणानंतर आम्ही उद्यमनगरात एका कुशनवाल्याकडे गेलो. त्याने सीटवर हात फिरवला आणि भाव सांगितले. रेक्झिनचे नवे कव्हर बारा हजार, खऱ्या चामड्याचे पाचही सीटना मिळून साठ हजार. माणूस लबाड नव्हता, कामाच्या मानाने भाव रास्तच असणार. पण साडेतीन लाखांच्या गाडीला साठ हजारांच्या सीट? आणि बारा हजारवाल्या कव्हरांबद्दल मला एक शंका आली. सीटच्या पाठीला दाराच्या बाजूने एक छोटा टॅग शिवलेला होता, त्यावर 'एअरबॅग' लिहिलेलं. ती पिशवी अपघातात सीटची शिवण फाडून बाहेर येते. वर जाड कव्हर ताणून बसवलं तर ती बाहेर येणार कुठून? कुशनवाला म्हणाला, "आम्ही तिथं उघडं ठेवतो की." ठेवतही असेल. मी तिथून निघाले ते हे डोक्यात घेऊनच, की पाठीच्या त्या शिवणीला हात लावायचा नाही, मी नाही आणि दुसऱ्या कुणीही नाही.

मग मला सुभाषनगर आठवलं. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील तिथे कोल्हापुरी चपला करतात. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला पोरगा बसला तेव्हा ते फॉर्मवर सही करायला आले होते, तेवढीच ओळख. मी त्यांना मामा म्हणते. गाडी घेऊन थेट त्यांच्या दारात गेले.

मामा गाडीच्या दारात उकिडवे बसले. उसवलेल्या शिवणीत बोट घालून चामड्याची कापलेली कड उलटी केली, चष्मा कपाळावर चढवून बघितली.

"मॅडम, ही कड बघा. निळसर राखाडी हाय. आता आमची बघा." त्यांनी ठोक्याखालची एक अर्धवट चप्पल पुढे केली. तिची कड आरपार तांबूस तपकिरी. "आमचं चामडं बाभळीच्या सालीत आन् हिरड्यात मुरलेलं. ह्याला तेल पाजलं की पितं. तुमचं क्रोमच्या रसायनात मुरवलेलं, आन् वरनं रंग मारलेला हाय. तेल पाजाल कुनाला, रंगाला?"

मी नवऱ्याकडे बघितलं नाही. पॉलिशच्या आधी दोन वर्षं तो दर महिन्याला सीटना खोबरेल चोळत होता.

मामांनी बोट ओलं करून सीटवर पाण्याचा एक थेंब सोडला. तो मण्यासारखा तसाच उभा राहिला. मग घासलेल्या कडेवर एक सोडला, तो आत जिरला आणि जागा काळपट झाली. "जितं पानी उभं ऱ्हातंय तितं रंग शाबूत. जितं पितंय तितं गेला. चामडं तुमचं चांगलं हाय, नुस्ता वरचा रंग गेलाय."

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आम्ही शाळेत त्यावर चित्रांचं प्रदर्शन भरवलं होतं. बाभळीची साल, हिरडा हे शब्द मी तेव्हा पोरांकडून पाठ करून घेतले होते. पण त्यामागचं हे एवढं साधं गणित मला त्या दिवशी रस्त्यावर उकिडवं बसून कळलं. गाडीच्या बहुतेक सीटच्या चामड्यावर रंगाचा थर असतो आणि त्यावर आणखी एक पारदर्शक थर. आपण वर्षानुवर्षं बसतो, पुसतो, घासतो ते त्या थरावर. भेगा दिसतात त्याही आधी त्या थराला पडतात. तेल किंवा क्रीम वरून चोळलं तर ते आत जात नाही, वर बसून धूळ धरतं, भेगांमधून गेलंच तर पुढे नवा रंग धरू देत नाही. म्हणजे काम मुळात रंगाऱ्याचं. ते ऐकल्यावर माझी भीती निम्मी गेली.

शिवण मामांनीच घातली. वाकडी सुई, नायलॉनचा दोरा, आणि भोकं पाडायची आरी हातात घेऊनही वापरली नाही. "नवी भोकं पाडायची न्हाईत. एका रेघंत भोकावर भोक पाडलं की चामडं तिकिटावानी फाटतंय." जुन्याच भोकांतून सुई आत-बाहेर, पाऊण तास. शेजारच्या चिरेखाली त्यांनी जुन्या जीन्सचा तुकडा चिमट्याने सरकवला, काडीने थोडंसं सोल्यूशन लावलं, पाच मिनिटं वाळू दिलं आणि मग दोन्ही कडा जवळ आणून अंगठ्याने दाबून धरल्या. ते झटपट चिकटणारं गोंद वापरू नका म्हणाले, ते वाळून काचेसारखं कडक होतं आणि बसल्यावर शेजारून नवी चीर जाते. दीडशे रुपये घेतले. मी दोनशे पुढे केले तर पन्नास परत दिले.

रंगाचं काम मी २०२३च्या दिवाळीच्या सुट्टीवर टाकलं. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर कपाटातल्या पर्सवरसुद्धा पांढरी बुरशी चढते, ती ओल हवेतून पुरती सरल्याशिवाय रंग वाळवणं म्हणजे छळ. दरम्यान दोन गोष्टी करून पाहिल्या. माझ्याकडचे चित्राचे ॲक्रिलिक रंग एका जुन्या पर्सवर लावले. चार दिवस सुंदर दिसले, आठव्या दिवशी घडीवरून सोलून निघाले, आणि पर्स उन्हात राहिली त्या दिवशी चिकट झाले. म्हणून मग चामड्यासाठीचे पाण्यातले रंग, भेगा भरायचं फिलर, साफ करायचं द्रव आणि वरचा मॅट थर असं सगळं ऑनलाइन मागवलं. 'बेज' नावाची तयार बाटली आली ती आमच्या सीटच्या जवळपासही नव्हती. नुसती पांढरट पिवळी, शेवयाच्या खिरीसारखी. सुदैवाने सोबत पांढरा, पिवळा, तपकिरी, काळा, हिरवा अशा छोट्या बाटल्या मागवल्या होत्या.

सगळ्यात जास्त वेळ साफसफाईला गेला. दोन दिवस. हे कुणी सांगत नाही, सगळ्यांना रंग लावायची घाई. मऊ ब्रशवर द्रवाचा फेस घ्यायचा, ओंजळीएवढा भाग घासायचा, ओल्या मऊ कपड्याने पुसायचा, पुढचा भाग. पहिलं पाणी चहासारखं निघालं. पॉलिश, खोबरेल, डॉक्टरांच्या काळातली दहा वर्षं, सगळं त्या बादलीत. पाचव्या बादलीला पाणी जरा पाण्यासारखं दिसलं, आणि तेव्हा कळलं की आपण ज्याला सीटचा रंग समजत होतो तो मळ होता. मूळ बदामी केवढा तरी उजळ. निळा डाग मेडिकलमधून आणलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने, कापसाच्या बोळ्याने टिपून टिपून निम्मा गेला, उरलेला रंगाखाली झाकायचा ठरवला. नवऱ्याने ओटा घासायचा तो पांढरा स्पंज आणला होता, जो पाण्यावर सगळं काढतो. तो मी त्याच्या हातातून काढून घेतला. तो डाग विरघळवत नाही, बारीक पॉलिश पेपरसारखा घासून काढतो. सोबत सीटचा थरही काढतो.

मग खरोखरचा पॉलिश पेपर, ६०० नंबरचा, घासलेल्या कडेवर हलक्या हाताने. भेगांच्या उभारलेल्या कडा बसवायच्या, एवढंच. पुन्हा अल्कोहोलने पूस, कारण तेलाचा अंश राहिला तर पुढचं सगळं वाया. फिलर जुन्या एटीएम कार्डाने ओढायचं, पातळ, जवळजवळ दिसणारच नाही इतकं. मी पहिल्या हाताला घराला गिलावा केल्यासारखं जाड लावलं. ते वरून वाळलं, आत ओलं राहिलं, आणि बोट टेकलं की खड्डा. सगळं खरवडून काढलं. मग पातळ चार हात, प्रत्येकामध्ये हेअर ड्रायर, शेवटी ८०० नंबरने फिरवलं. भेगा पूर्ण गेल्या नाहीत. जवळून बघितलं तर दिसतात, चेहऱ्यावरच्या दिसाव्यात तशा. बारा वर्षांच्या सीटला तेवढं शोभतं.

आता रंग. इथे मला वाटत होतं की मी माहेरी आले. वीस वर्षं पोरांना सांगतेय की रंग बाटलीत नसतो, शेजारच्या रंगात असतो. तरी चुकले. पहिलं मिश्रण मी रात्री पार्किंगमध्ये ट्यूबलाइटखाली जुळवलं, हेडरेस्टच्या मागे ठिपका लावला, वा म्हणाले आणि झोपले. सकाळी उन्हात तो ठिपका गुलाबी. चक्क बाहुलीच्या गालासारखा. दोन रंग एका उजेडात जुळे आणि दुसऱ्या उजेडात परके असू शकतात, हे मी इंटरमिजिएटच्या पोरांना दरवर्षी सांगते.

दुसऱ्यांदा सकाळी दहाला, सावलीत, दारं उघडी टाकून बसले. पांढरा जास्तीत जास्त, त्यात पिवळा, मग तपकिरी थेंबाथेंबाने. काळा हातातसुद्धा घ्यायचा नाही, काळ्याने रंग गडद होण्याआधी मेलेला दिसतो. गुलाबीपणा उरला होता, त्याला हिरव्याचा एक थेंब. हिरवा लालीला गप्प बसवतो. आणि प्रत्येक ठिपका ड्रायरने वाळवून मगच बघायचा, कारण ओला रंग फिका दिसतो आणि वाळून एक पायरी खाली उतरतो. अकरा ठिपके लागले. हेडरेस्टच्या मागची ती अकरा ठिपक्यांची रांग मी मुद्दाम पुसली नाही. बारावा ठिपका कुठे लावला हे मलाच सापडेना, तेव्हा थांबले.

दाराच्या प्लास्टिकला, बेल्टला, सीटखालच्या पट्टीला चिकटपट्टीने 'पुढारी'ची पानं लावली. रंग ब्रशने नाही, भांडी घासायच्या नव्या कोऱ्या स्पंजचा तुकडा कापून, टिपत टिपत. पहिला हात इतका पातळ की नवरा म्हणाला, "लावलास का नुसताच हात फिरवलास?" तिसऱ्या हाताला अंग धरलं, चौथ्याला पुरे झालं. एक गोष्ट कुठल्यातरी व्हिडिओत बघितली होती ती खरी निघाली. जिथे घासलंय तेवढ्याच ठिपक्यावर रंग लावून थांबायचं नाही, या शिवणीपासून त्या शिवणीपर्यंत तो पूर्ण तुकडा रंगवायचा. मधेच थांबलं की ठिगळ दिसतं, शिवणीवर थांबलं की डोळा फरक सोडून देतो. साडीला पदर जोडताना काठाशी जोडतात, तसंच.

वरचा मॅट थर दुसऱ्या दिवशी. त्यात एक पक्कं करणारं द्रव मिसळायचं होतं, मिसळलं की त्याच दिवशी संपवायचं. चकचकीतही मिळतो, तो घेऊ नका. खऱ्या सीटला तसला लखलखाट नसतो, चकाकी आली की रेक्झिन वाटतं. दोन हात, मग दोन दिवस कुणी बसायचं नाही. भाऊबीजेला माझ्या माहेरी आम्ही रिक्षाने गेलो. नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

खर्चाचं विचाराल तर मामांचे दीडशे धरून तीन हजार आठशे साठ. त्यात तो न लागलेला बेज आणि एक वाया गेलेली फिलरची डबी आली. दोन पुढच्या सीटना रंग पाव लिटरच्या आतच लागला. दिवस मात्र पाच गेले, आणि पाठ दोन आठवडे दुखली. सीटपुढे गुडघ्यावर बसून मान वाकडी करून काम करणं हे चाळिशीनंतरचं काम नव्हे.

लोक घरी येतात आणि विचारतात, आमच्या सोफ्याचं पण करून द्याल का? बहुतेक वेळा नाही. ज्या सोफ्याचे पापुद्रे निघतायत आणि खाली विणलेलं कापड दिसतंय, ते चामडं नव्हेच, कापडावर चढवलेला प्लास्टिकचा थर आहे. त्याला रंगवलं तर रंगासकट पापुद्रा निघेल. गाडीतही बघून घ्या. आमच्याच सीटच्या पाठीमागची बाजू आणि दाराकडचा खालचा भाग चामड्याचा नाही. मामांनी खालून हात घालून दाखवलं, आतून जाळीचं कापड लागतं. चामडं आतून मखमलीसारखं केसाळ लागतं. आणि चामडं स्वतःच फाटून हातभर उघडं पडलं असेल, तर हे घरगुती उद्योग करू नका. कुशनवाल्याला सांगा की पूर्ण सीट नको, तेवढाच तुकडा बदलून दे. ते करतात, आपण विचारत नाही म्हणून सांगत नाहीत. फक्त शिवण एअरबॅगच्या बाजूची असेल तर कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपशिवाय दुसरीकडे नको, आणि सीटखालच्या पिवळ्या प्लगला कुणाला हात लावू देऊ नका.

रंगवल्याला सव्वा वर्ष होऊन गेलं. रंग टिकलाय का? ड्रायव्हरच्या कडेला, अगदी वरच्या टोकाला, सुपारीएवढ्या जागी परत राखाडी दिसायला लागलंय. नवरा अजूनही पँटच्या मागच्या खिशात किल्ल्यांचा जुडगा ठेवून बसतो, त्याला मी काय करणार. बाकी सगळं जसंच्या तसं. महिन्यातून एकदा ओल्या कपड्याने पुसते, उन्हात लावताना पुढच्या काचेला पडदा लावते, बस. खोबरेलची बाटली आता बाथरूममध्येच असते.

उरलेला रंग एका जॅमच्या बाटलीत घट्ट बंद करून ठेवलाय. वर कागदी पट्टी चिकटवून लिहिलंय: पांढरा ४०, पिवळा ६, तपकिरी ३, हिरवा १ थेंब, सकाळी १०, सावलीत. त्या सुपारीएवढ्या जागेला येत्या रविवारी हात देणार आहे. सासूबाईंना तेवढं सांगितलं, की रविवारी गाडी मिळणार नाही. त्या म्हणाल्या, "असूदे, मी तसाही टॉवेल घेऊनच बसते."